गालिचा, यंत्र आणि मावशींचा खांदा



या वेळचा विषय जरा घरगुती आहे. वाचून कदाचित हसू येईल. पण या विषयाने आमच्या घरातली शांतता चांगली महिनाभर घालवली आणि शेवटी आम्हाला आमचीच ओळख करून दिली, म्हणून लिहितो आहोत. प्रश्न एवढाच होता: गालिचा धुण्याचे यंत्र घरी घ्यावे की नाही?

आम्ही ग्वाल्हेरला, लष्कर भागात राहतो. बैठकीच्या खोलीत आजोबांच्या वेळचा, इथेच हाताने विणलेला लोकरी गालिचा आहे. ग्वाल्हेरच्या गालिच्यांना २०२३ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा जणू आपलाच सत्कार झाला असे आम्हाला वाटले होते! दर गुरुवारी नामस्मरणाला तीस-पस्तीस मंडळी त्यावर बसतात. मे-जूनमध्ये इथे आंधी येते. दारे-खिडक्या कितीही लावा, धूळ घरात येतेच. त्यात प्रसादाचा शिरा सांडतो, लहानग्यांचे दूध सांडते. आईंना दमा आहे. एक दिवस सूनबाईंनी मोबाइलवर यंत्र दाखवले. किंमत १८,००० रुपये. त्याला दोन टाक्या. एकीतले साबणाचे पाणी गालिच्यावर फवारायचे, ब्रशने घासायचे, आणि मळके पाणी यंत्रच दुसऱ्या टाकीत ओढून घेते.

झालं! घरात दोन पक्ष पडले.

एक पक्ष शौचाचा. पतंजलींच्या योगसूत्रांत पाच नियम सांगितले आहेत, त्यांतला पहिलाच शौच. जिथे नाम घ्यायचे ती जागा स्वच्छ नको का? दुसरा पक्ष अपरिग्रहाचा. तोही त्याच ग्रंथातला, पाच यमांतला शेवटचा. हा पक्ष म्हणाला, आधी माळ्यावर काय काय पडलंय ते बघा. रस काढायचे यंत्र, पाय चोळायचे यंत्र, पोळ्या करायचे यंत्र. घेताना प्रत्येक वस्तू 'अगदी गरजेची' होती, आणि सहा महिन्यांत तिच्यावर जुनी चादर पडली.

खरं सांगायचं तर आम्ही भाऊ-भाऊ दुसऱ्या पक्षात होतो, आणि जिंकलोही. "आजवर यंत्राशिवाय चाललं, पुढेही चालेल," असे ठरले. मनाला फार बरे वाटले. गुरुमाउलींची शिकवण निदान एकदा तरी कृतीत उतरली, असे वाटून त्या रात्री झोपही छान लागली.

पुढच्या बुधवारी काही कामाने छतावर गेलो. तिथे घरकामाच्या मावशी गालिचा कठड्यावर टाकून काठीने बडवत होत्या. तोंडाला पदर बांधलेला. दहा-बारा काठ्या मारल्या की थांबायच्या आणि डाव्या हाताने उजवा खांदा दाबायच्या. सूनबाई दुसरे टोक धरून उभ्या होत्या, धुळीने खोकत. तो जड गालिचा दोन मजले त्या दोघींनीच वर आणला होता. दर बुधवारी आणतात. 'आजवर चाललं' ते असं चाललं होतं.

तिथे उभे असताना लक्षात आले की त्याग आम्ही केला, पण तो सोसत होत्या या दोघी. आमचे अपरिग्रहाचे व्रत दुसऱ्याच्या खांद्यावर उभे होते.

संत गाडगेबाबांचे स्मरण झाले. बाबा गावात येत, आधी खराटा घेऊन स्वतः गाव झाडत, आणि मग रात्री कीर्तन करत. त्यांच्याजवळ वस्तू नव्हत्या, पण त्या नसल्याचे कष्ट त्यांनी दुसऱ्यावर टाकले नाहीत. आम्ही खराट्याचे गुण गात होतो आणि खराटा दुसऱ्याच्या हाती होता.

मग ठरवले, महिनाभर हे काम आम्ही पुरुषांनीच करायचे. पहिल्या बुधवारी उत्साह होता. दुसऱ्या बुधवारी एकाची अचानक मीटिंग निघाली. तिसऱ्या बुधवारी कंबर धरली. चौथ्या बुधवारी अपरिग्रहाचे नावही कोणी काढेना. उलट "१८,००० म्हणजे तसे काही फार नाहीत" असा सूर निघाला! आपले खांदे दुखू लागले की तत्त्वज्ञान किती पटकन बदलते, ते आम्ही आमच्याच डोळ्यांनी पाहिले.

यंत्र मागवणारच होतो. तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, "मावशींना कुणी विचारलंय का?"

कुणीच विचारले नव्हते. विचारल्यावर मावशी आधी गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "मशीन आएगी तो मेरे कालीन के दो सौ तो नहीं कटेंगे?" या कामाचे त्यांना दर वेळी वेगळे २०० रुपये मिळतात, आणि महिन्याचे ते ८०० त्यांच्या घरखर्चात धरलेले असतात. आमची दया त्यांच्या भाकरीवर येणार होती, हे आमच्या ध्यानीमनीही नव्हते. पैसे कमी होणार नाहीत असे सांगितले, तेव्हा हसून म्हणाल्या, "तो फिर गुरुवार को दरी बिछाओ न! कालीन त्योहार पे निकालना."

एवढे सोपे उत्तर होते! सुती दरी हलकी असते, साबणाच्या पाण्याने धुता येते आणि उन्हात लवकर वाळते. आईंना धुळीचा त्रासही कमी. नंतर गालिचे दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला विचारले. तो म्हणाला, जुन्या लोकरीवर गरम पाणी आणि कडक साबण घालूच नका. रंग सुटतो का ते आधी कोपऱ्यात ओले पांढरे फडके दाबून पाहा. आणि आतला सुती ताणा ओला राहिला तर कुजतो. म्हणजे उत्साहाच्या भरात आजोबांचा गालिचाही आम्ही घालवून बसलो असतो.

आता गुरुवारी दोन दऱ्या अंथरतो. गालिचा गुरुपौर्णिमेला आणि दत्तजयंतीला निघतो, आणि छतावर नेण्या-आणण्याचे काम आमचे. मावशींचे ८०० कायम आहेत.

यावरून यंत्र घेऊच नये, असे मात्र कुणी समजू नये. परदेशी राहणाऱ्या आपल्या काही मंडळींच्या घरी भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा चिकटवलेला असतो. तो उन्हात कसा नेणार? तिथे यंत्र हीच स्वच्छता. महात्मा गांधी यंत्रांच्या हव्यासाला विरोध करत, पण १९२४ साली बोलताना शिलाई यंत्राला त्यांनी अपवाद मानले. बायकोचे शिवणाचे कष्ट पाहून, तिच्यावरच्या प्रेमातून ते यंत्र घडले, असे ते मानत. म्हणजे वस्तू घेतली की नाही एवढ्यावरून काही ठरत नाही. ती घेताना किंवा नाकारताना आपल्या डोळ्यांपुढे कोण होते, ते पाहावे लागते.

यमांमध्ये अपरिग्रह पाचवा आहे. पहिली आहे अहिंसा. आम्ही पहिली पायरी न पाहता थेट पाचवीवर जाऊन बसलो होतो.

तेव्हा आपल्या घरी अशी काही खरेदी निघाली, तर 'हवे की नको' याच्या आधी एवढेच विचारावे: हे काम आज कोण करते? आणि त्या माणसाला आपण विचारले का? आपले अनुभव कुटुंबाच्या गटावर जरूर कळवावेत.

॥ शुभं भवतु ॥ 🙏