अपत्य : धन की ठेव?

कन्या हे परक्याचे धन आणि पुत्र हे घरचे धन, असे आपण सहज बोलून जातो. परंतु ही कल्पना वाटते तितकी निरुपद्रवी नाही. कारण धनाला त्याचे मत कोणी विचारीत नाही.

या कल्पनेची कसोटी मुंबईच्या हायकोर्टात एकदा लागली आहे. रखमाबाईंचे लग्न त्या ११ वर्षांच्या असताना वडीलधाऱ्यांनी लावून दिले. १८८४ साली पती दादाजी भिकाजी यांनी त्यांस नांदावयास आणण्यासाठी दावा लावला. ज्या वयात संमती देणेच अशक्य, त्या वयातील लग्नाने आपण बांधलो जात नाही, अशी रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ साली दावा फेटाळला गेला. पण अपिलात तो निकाल टिकला नाही, आणि १८८७ साली नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला. त्यांनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ साली पतीस २,००० रुपये देऊन तडजोड झाली. पुढे त्या विलायतेत वैद्यकी शिकल्या आणि सुरतेस स्त्रियांच्या डॉक्टर झाल्या.

त्यांच्या घरची माणसे निर्दय होती असे नव्हे. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे त्यांच्या नकाराला अनुकूलच होते. माया असूनही अन्याय होऊ शकतो, हाच यातील बोध होय.

मग मुलांस काय कळते, असा आक्षेप येईल. तो अंशतः खरा आहे. मूल रडते म्हणून लस टोचण्याचे कोणी टाळू नये. परंतु लस मुलाचे पुढील आयुष्य मोकळे करते. ते लग्न रखमाबाईंचे आयुष्य बंद करीत होते. पालकांच्या अधिकाराची सीमा आम्हांस येथेच दिसते. मूल जाणते होईपर्यंत त्याच्या वाटा राखून ठेवणे हा अधिकार. त्या कायमच्या बुजविणे हे अतिक्रमण.

आज बालविवाहास कायद्याने बंदी आहे. पण वाशी-नेरुळच्या सुशिक्षित घरांतही दहावीच्या निकालाआधीच मुलाने डॉक्टर व्हावे की इंजिनियर हे पुष्कळदा ठरलेले असते. क्लासची फीसुद्धा भरलेली असते. मूल समजत्या वयाचे असेल तर ताब्याचा निर्णय देताना त्याची पसंती विचारात घेण्याची मुभा १८९० च्या पालक व पाल्य कायद्याने न्यायाधीशास दिली आहे. जे परका न्यायाधीश विचारू शकतो, ते जन्मदात्यांनी विचारू नये काय? सोळाव्या वर्षी पुत्रास मित्र मानावे, असे तर आपले जुने सुभाषितकारच सांगून गेले आहेत. ठेव ज्याची त्यास परत करावयाची असते, आणि तीही न मोडता.