वाचकाचा वेळ आणि पुस्तकांचा क्रम

विरार ते चर्चगेट हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. जलद लोकलमध्ये एका हाताने कडी धरून उभ्या असलेल्या प्रवाशाकडे ई-रीडर चाळायला एक अंगठा तेवढा मोकळा असतो. विरारहून निघालेल्या वाचकाला वसई रोड येईपर्यंत हवं ते पुस्तक सापडलं नाही, तर तो मोबाइल काढतो आणि त्या दिवसाचं वाचन राहून जातं. म्हणून फाइली नीट लावणं हा मला वाचनाचाच भाग वाटतो.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला चौथा नियम सांगतो, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालयात ही काळजी ग्रंथपाल वाहतो. ई-रीडरवर ती वाचकालाच वाहावी लागते, कारण यंत्र फक्त अक्षरं ओळखतं. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो एका फाइलीत 'फादर' म्हणून नोंदलेले असतात, दुसरीत 'फ्रान्सिस', तिसरीत 'दिब्रिटो'. लेखक एक, यादीत जागा तीन. मराठी ग्रंथालयांनी आडनाव आधी लिहिण्याची शिस्त पूर्वीच घालून दिली आहे. तीच इथे पाळावी. कोविद गोयल यांनी २००६ साली सुरू केलेल्या 'कॅलिबर' या मोफत प्रणालीत दाखवायचं नाव आणि क्रमासाठीचं नाव वेगवेगळं ठेवता येतं. अंकांचंही तसंच. मालिकेतले भाग ०१, ०२ असे नोंदवले नाहीत, तर अनेक यंत्रांवर १ नंतर थेट १० येतो.

पण अक्षरक्रमाने पुस्तक फक्त सापडतं. ते कोणत्या पुस्तकांच्या शेजारी असावं, हे वाचकाने ठरवायचं. दिब्रिटोंच्या 'सुबोध बायबल'ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. हे पुस्तक धर्मात ठेवावं, अनुवादात की वसईच्या लेखकांत? कपाटात एक प्रत एकाच जागी राहते. ई-रीडरच्या संग्रहांत तीच फाइल तिन्हीकडे दिसू शकते. एका पुस्तकाला अनेक बाजू असतात, हे ओळखूनच रंगनाथनांनी १९३३ साली द्विबिंदू वर्गीकरण मांडलं. संग्रहाला नाव देताना आपण त्या पुस्तकाकडून काय हवं आहे, हे स्वतःला विचारत असतो. तो प्रश्न स्पष्ट असेल तर वाचनालाही दिशा मिळते.

विकत घेतलेल्या ई-पुस्तकासोबत लेखक-प्रकाशकाची नोंद सहसा येते. गावाची स्मरणिका, चर्चच्या शतकमहोत्सवाचा अंक, वसईकडच्या वाडवळी किंवा सामवेदी बोलीतल्या गाण्यांची वही मात्र फोनवरून फिरत येते आणि तिच्या फाइलीचं नाव असतं 'स्कॅन ००१२'. पानं शाबूत असूनही असा मजकूर कुणाच्या हाती लागत नाही. या फाइलींमागे प्रकाशक नाही, ग्रंथपाल नाही. फाइल ज्याच्याकडे आली, त्यानेच शीर्षक, गाव, वर्ष आणि लिहिणाऱ्याचं नाव नोंदवायला हवं. त्याला दोन मिनिटं लागतात, आणि पुढच्या वाचकाला ती वही मागायची कशी हे त्यामुळेच कळतं.