दोन रंगांची बंडी आणि अवयवीचा प्रश्न

क्रोशाने विणलेली बंडी ही तिच्यातल्या लोकरीहून वेगळी वस्तू आहे, की विशिष्ट रीतीने गुंफलेली लोकर एवढेच तिचे अस्तित्व? भारतीय दर्शनांत हा प्रश्न ‘तंतू आणि पट’ या जोडीच्या आधाराने शतकानुशतके चर्चिला गेला. तो कापडापुरता कधीच नव्हता. कारणातून कार्य कसे निघते, भागांहून निराळा असा ‘अवयवी’ असतो का, जग आपल्या मूळ कारणाहून वेगळे मानावे का, हे सगळे वाद वस्त्राच्या उदाहरणावर लढवले गेले. ते वस्त्र मात्र मागावरचे होते: उभा ताणा, आडवा बाणा आणि अनेक सुटे धागे. आज ज्याला क्रोशाकाम म्हणतात ते युरोपात एकोणिसाव्या शतकात रूढ झाले, त्यामुळे कोणाही भाष्यकारापुढे ते असण्याचा संभव नव्हता. तरीही उठावाच्या विणीची, दोन रंगांची साधी बंडी पुढे ठेवली, तर जुने युक्तिवाद मागावरच्या कापडापेक्षा अधिक कसाला लागतात.

अशा बंडीची रचना सोपी असते. पाठ आणि पुढा असे दोन आयताकृती भाग, खांद्यावर आणि बगलेखाली जोडलेले. गळ्यासाठी आणि मुंढ्यासाठी काही टाके सोडलेले. सुरुवात साखळीने होते. साखळीच्या घरात सुई घालून धागा ओढून घेतला की मुका खांब होतो. सुईवर आधी एक वेढा घेऊन तेच केले की उंच खांब. दर दोन ओळींनी रंग बदलतो. उठाव आणण्यासाठी काही खांब आधीच्या ओळीच्या माथ्यात न घालता खालच्या खांबाभोवती घेतात. ते पृष्ठभागावर फुगून वर येतात आणि एका रंगाच्या पट्ट्यावर दुसऱ्या रंगाची उभी रेघ ओढतात. यातले दोन बारकावे पुढे कामाला येतील. काम चालू असताना सगळी वीण एकाच उघड्या फासावर अवलंबून असते; सुई काढून धागा ओढला की टाक्यामागून टाका उसवत जातो. आणि रंग बदलताना जुन्या रंगाच्या शेवटच्या खांबाचा अखेरचा वेढा नव्या रंगाने घेतात, त्यामुळे त्या एका टाक्याचे बूड एका रंगाचे आणि माथा दुसऱ्या रंगाचा होतो.

न्याय-वैशेषिकांचे मत असे की वस्त्र हे नवे द्रव्य आहे. विणण्यापूर्वी ते नव्हते, विणल्यावर उत्पन्न झाले. म्हणून या मताला असत्कार्यवाद म्हणतात. त्याची कारणे तीन. धागे हे समवायी कारण, कारण वस्त्र त्यांच्यात समवाय, म्हणजे अविभाज्य, संबंधाने राहते. धाग्यांचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. विणकर, धोटा, माग ही निमित्त कारणे. अवयवी मानल्याशिवाय प्रत्यक्ष ज्ञानच सिद्ध होत नाही, असा न्यायसूत्रांचा आग्रह आहे, कारण सुटे परमाणू दिसत नाहीत. तिथेच दुसराही एक पुरावा दिला आहे: एखाद्या वस्तूचा एक भाग धरून ओढला तर सबंध वस्तू ओढली जाते. बंडीच्या बाबतीत हा पुरावा दुधारी ठरतो. खालची कड धरून ओढली तर सगळी बंडी हातात येते. पण न बांधलेले टोक धरून ओढले तर बंडी नाहीशी होते आणि हातात धागा उरतो. ओढण्याची क्रिया तीच, एकदा अवयवी सिद्ध करणारी आणि एकदा तो मोडणारी. नैयायिक यावर गडबडणार नाही: दुसऱ्या वेळी संयोग नष्ट झाला, आणि असमवायी कारण नष्ट झाले की कार्यही नष्ट होते, असे तो म्हणेल. ते त्याच्या चौकटीत बरोबरच आहे.

खरी अडचण संख्येची आहे. वैशेषिक मतानुसार एकाहून अधिक द्रव्ये मिळून नवे द्रव्य आरंभतात. एकटे द्रव्य आपल्यापासून दुसरे द्रव्य काढू शकत नाही. मागावर धागे शेकड्यांनी असतात, तिथे हा नियम आपोआप पाळला जातो. क्रोशाचा एकरंगी चौकोन मात्र एकाच अखंड धाग्याचा असू शकतो. तो धागा दुसऱ्या कशाशी जोडला जात नाही. स्वतःच्याच फासांत अडकत राहतो. मग संयोग कोणाचा कोणाशी? धाग्याच्या भागांचा एकमेकांशी, हे उत्तर देता येते. पण ते स्वीकारले तर बंडीचे समवायी कारण धागा न राहता धाग्याचे अंशू, म्हणजे त्याचे बारीक भाग, होतात, आणि धागा स्वतः बंडीला समांतर असा त्याच अंशूंचा दुसरा अवयवी होऊन बसतो. एकाच जागी दोन मूर्त द्रव्ये राहू शकत नाहीत असे मानणाऱ्या दर्शनाला हे सोसणारे नाही. दोन रंग घेतले की निदान धागे दोन होतात. तरी त्यांची प्रत्यक्ष गाठ फक्त रंगाच्या सीमेवर आणि उठावाच्या खांबांपाशी पडते.

सांख्यांचे म्हणणे याच्या उलट. कार्य कारणात आधीपासूनच असते, फक्त प्रकट होते. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’च्या नवव्या कारिकेत या सत्कार्यवादाची पाच कारणे दिली आहेत, आणि तिच्यावरच्या ‘तत्त्वकौमुदी’त वाचस्पती मिश्र तंतू आणि पट अभिन्न असल्याचे एकेक प्रमाण मांडतात. त्यातले वजनाचे प्रमाण कोणालाही तराजूवर तपासता येईल. तीनशे ग्रॅम लोकरीची बंडी तीनशे ग्रॅमच भरते. धाग्यांहून निराळे द्रव्य उत्पन्न झाले असते तर त्याचे स्वतःचे वजन कुठेतरी दिसायला हवे होते. ते फार सूक्ष्म असल्याने कळत नाही, असे उत्तर नैयायिकांच्या बाजूने देण्यात आले; ते पटण्यासारखे नाही. सुटा धागा अंग झाकत नाही आणि बंडी झाकते, या आक्षेपालाही वाचस्पतींजवळ उत्तर आहे. पालखीचे भोई एकेकटे वाट दाखवू शकतात, पालखी वाहू शकत नाहीत. एकत्र आले की वाहतात. त्यासाठी भोयांहून वेगळी नवी व्यक्ती जन्माला यावी लागत नाही.

पण सत्कार्यवादाचीही एक बाजू लंगडी आहे. त्याच गुंड्यांतून कानटोपी झाली असती, मोजे झाले असते, लहान मुलाची शालही झाली असती. हे सगळे लोकरीत आधीच होते असे म्हटले तर ‘होते’ या क्रियापदात फारसा अर्थ उरत नाही. बंडीचे प्रकट होणे तरी नवे आहे की जुने? नवे असेल तर निदान एक गोष्ट पूर्वी नसताना उत्पन्न झाली. जुने असेल तर विणणाऱ्याचे श्रम कशासाठी? नैयायिकांनी हा पेच वारंवार टाकला आणि त्यातून सांख्य पूर्णपणे सुटलेले दिसत नाहीत.

शंकराचार्य सांख्यांच्या बाजूने काही अंतर चालतात आणि मग वळतात. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात कार्य कारणाहून अनन्य असल्याचे प्रतिपादन आहे, आणि तिथे एका सूत्रात वस्त्राचाच दृष्टान्त येतो. आचार्यांच्या भाष्यानुसार गुंडाळलेले वस्त्र आणि उलगडलेले वस्त्र ही दोन वस्त्रे नव्हेत. त्याआधीच ते म्हणतात की पटात पाहू गेल्यास ताण्याबाण्याच्या रूपाने असलेले तंतूच दिसतात, तंतूंत अंशू, अंशूंत त्यांचे भाग, असे मागे मागे जात शेवटी ब्रह्म. वैशेषिक याच उतरंडीवर परमाणूपाशी थांबतो, आणि मध्यमकाचा बौद्ध कुठेच थांबत नाही. कापडाचे उदाहरण तिघांनाही सारखेच उपयोगी पडते, ही त्याची मोठी मर्यादा. विद्यारण्यांनी चौदाव्या शतकात ‘पंचदशी’च्या चित्रदीप प्रकरणात रंगवलेल्या वस्त्राच्या चार अवस्था घेऊन आत्म्याच्या चार अवस्था समजावल्या, पण तिथे रंग कापडावर बाहेरून चढतो. विणीतच रंग असेल तेव्हा प्रश्न जास्त अवघड होतो, आणि तो अवघड करण्याचे श्रेय बौद्धांचे.

वसुबंधूने ‘अभिधर्मकोशा’च्या स्वतःच्या भाष्यात विचारले: धागे वेगवेगळ्या रंगांचे असतील तर पटाचा रंग कोणता? पट एक आहे, तर त्याचा रंगही एक हवा. तो चित्रविचित्र आहे म्हणावे, तर ज्या बाजूला एकच रंग आहे त्या बाजूने पाहताना पट दिसायलाच नको, किंवा तिथेही तो चित्रविचित्र दिसायला हवा. सातव्या शतकात धर्मकीर्तीने ‘प्रमाणवार्तिका’त हाच वार पुढे नेला. अवयवी खरोखर एक असेल तर त्याचा एक भाग हलल्यावर सगळा हलावा, एक भाग झाकल्यावर सगळा झाकला जावा, एक भाग रंगल्यावर सगळा रंगावा. दोन रंगांच्या बंडीला हा आक्षेप शब्दशः लागू पडतो. तांबड्या पट्ट्यावर बोट ठेवून ‘ही बंडी तांबडी आहे’ म्हणता येत नाही. पांढऱ्यावर ठेवून पांढरीही म्हणता येत नाही.

नैयायिकांना यातून वाट काढणे भागच होते. त्यांच्या मते रंग हा व्याप्यवृत्ती गुण, म्हणजे तो जिथे असतो तिथे संपूर्ण द्रव्य व्यापतो. तांबडा आणि पांढरा दोघेही संपूर्ण बंडी व्यापू शकत नाहीत. बंडीला रंगच नाही असे म्हणावे, तर ती डोळ्यांना दिसू नये, कारण डोळ्यांनी द्रव्य दिसण्यास प्रकट रंग आवश्यक मानला आहे. म्हणून त्यांनी ‘चित्र’ नावाचा एक स्वतंत्र रंगच मान्य केला. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ लिहिला तेव्हा पांढरा, निळा, पिवळा, तांबडा, हिरवा, कपिश आणि सातवा चित्र अशी गणना ठरून गेलेली होती. काही नव्य नैयायिकांना हे पसंत नव्हते. अवयवीत अनेक रंग अंशाअंशाने राहतात असे ते म्हणाले आणि रंगाच्या व्याप्यवृत्तीवर पाणी सोडले. सातव्या रंगाची गरज निरीक्षणातून नव्हे, सिद्धान्तातून आली होती, हे चवीच्या बाबतीत उघड होते. एक भाग आंबट आणि दुसरा गोड असलेल्या फळासाठी ‘चित्र रस’ मानलेला नाही. जिभेला फक्त चव कळते, द्रव्य कळत नाही. मग अवयवीला चव नसली तरी बिघडत नाही.

आता बंडीचा उठाव पाहावा. तोही बंडीतच आहे, सुट्या लोकरीत नाही. बोट फिरवले तर खडबडीत वीण लागते, गुंड्यातला धागा मऊ लागतो. नैयायिक उठावासाठी एखादा पंचविसावा गुण मानील का? अन्नंभट्टाने आपल्या ‘दीपिका’ टीकेत याच जातीच्या शंकेला उत्तर दिले आहे. गुण चोवीसच का, मऊपणा आणि कठीणपणा हेही गुण का नकोत, असे विचारल्यावर तो सांगतो की ते अवयवांचे विशिष्ट संयोग आहेत, निराळे गुण नव्हेत. हेच उत्तर उठावाला लागू केले की उठाव म्हणजे फासांची मांडणी, त्यापलीकडे काही नाही. उत्तर योग्य आहे. प्रश्न एवढाच की मांडणीने उठावाचा हिशेब पुरा होत असेल तर पट्ट्यांच्या रंगाचा का होऊ नये? पट्टा म्हणजेही तांबडे टाके इथे आणि पांढरे टाके तिथे, अशी मांडणीच. रंग बदलतानाचा तो दुरंगी टाका तर याचा धडधडीत दाखला: त्याला ‘चित्र’ रंगाचा म्हणण्याने काहीही कळत नाही, शेवटचा वेढा दुसऱ्या धाग्याचा आहे म्हणण्याने सगळे कळते. आणि रंगाचा हिशेब मांडणीने झाला तर बंडीचाही का होऊ नये, इथवर हा युक्तिवाद पोचतो. न्यायाच्या प्रासादातली ही वीट अन्नंभट्टाने स्वतःच सैल ठेवली, असे म्हणावेसे वाटते.

मांडणी हे उत्तर सांख्य आणि नैयायिक या दोघांच्याही पूर्णपणे पदरात पडत नाही. मांडणी लोकरीत आधी नव्हती, इथे नैयायिक बरोबर. ती लोकरीवर वजन चढवणारे आणखी एक द्रव्य नाही, इथे वाचस्पती बरोबर. जैनांची परिभाषा या जागी सर्वांत सोयीची ठरते: धागा द्रव्य, बंडी पर्याय, दोन्ही एका दृष्टीने अभिन्न, दुसऱ्या दृष्टीने भिन्न. समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसे’त सोन्याचा घट मोडून मुकुट केल्याचा दृष्टान्त आहे. घट हवा असणाऱ्याला दुःख होते, मुकुट हवा असणाऱ्याला आनंद, आणि ज्याला फक्त सोने हवे त्याला काहीच वाटत नाही. तिघांच्याही भावनांना वस्तूतच आधार आहे. तोकडी झालेली बंडी उसवून त्याच लोकरीची दुसरी विणताना घरातली माणसे नेमकी या तीन गटांत विभागली जातात. वैशेषिकाला मात्र इथे प्रत्येक टाका सुटताना जुनी बंडी नष्ट झाली आणि नवा ‘खंडपट’ जन्मला असे मानावे लागते. शंभर टाके उसवले तर शंभर बंड्या मेल्या. तर्क म्हणून हे निर्दोष असेल. व्यवहारात कोणी असे बोलत नाही.

धर्माच्या दृष्टीने यातला सर्वांत मोठा प्रश्न निमित्ताचा आहे. न्यायाचा ईश्वर विणकरासारखा बाहेर उभा असतो. परमाणू त्याने निर्माण केलेले नाहीत, तो त्यांची फक्त जुळणी करतो. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धीसाठी दिलेल्या युक्तिवादांतला पहिला हाच: जग हे कार्य आहे, आणि कार्याला कर्ता लागतो. वेदान्ताला हे पुरत नाही. तिथे उपादान, म्हणजे ज्यातून वस्तू घडते ते कारण, आणि निमित्त एकच, आणि त्यासाठी मुंडकोपनिषदातला कोळी पुढे केला जातो, जो आपल्यातूनच धागा काढतो आणि परत आत घेतो. बृहदारण्यकात जनकाच्या सभेत गार्गी याज्ञवल्क्यांना विचारते की हे सगळे कशात ओतप्रोत विणलेले आहे. तिच्या प्रश्नाला माग गृहीत आहे, म्हणजे विणीला धरून ठेवणारे, विणीहून निराळे काहीतरी. क्रोशात तसा माग नसतो. प्रत्येक ओळीचा आधार म्हणजे आधीची ओळ. पहिल्या ओळीचा आधार साखळी. साखळीचा आधार एक सरकगाठ. आधार शोधत मागे गेले तर त्याच धाग्याचे टोक लागते. इतपत हे उदाहरण वेदान्ताला मागाहून अधिक अनुकूल आहे. मात्र ती सरकगाठ धागा स्वतः मारत नाही, पांढरा सोडून तांबडा केव्हा घ्यायचा हे तो ठरवत नाही आणि सुईही त्याच्यातून निघत नाही. या बाबतीत बंडी नैयायिकाच्याच बाजूला राहते.