परत आलेला दगड

ऑस्ट्रेलिया खंडाच्या मध्यभागी, चोहोकडे तांबड्या वाळूचे सपाट रान पसरले असता, एकच प्रचंड खडक अवचित वर आलेला दिसतो. त्याचे नाव उलुरू. भोवतालच्या भूमीपासून त्याची उंची ३४८ मीटर असून त्यास वेढा घालावयाचा तर सुमारे साडेनऊ किलोमीटर चालावे लागते. हा वालुकाश्म मूळचा करड्या रंगाचा; परंतु त्यातील लोह हवापाण्याने गंजून त्याचे अंग तांबडे झाले आहे. आपल्या सह्याद्रीचे थर आडवे आहेत. ह्याचे मात्र, फळीवर पुस्तके उभी ठेवावीत तसे, जवळजवळ उभे आहेत, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी भूमीच्या हालचालींनी ते कलून उभे झाले.

अनंगू नामक लोक अतिप्राचीन काळापासून त्याच्या आसपास राहत आले असून ते त्यास पवित्र मानितात. सन १८७३ मध्ये विल्यम गॉस हा भूमापक कामरान नावाच्या अफगाण उंटवाल्यासह त्यावर चढला, आणि हेन्री एअर्स ह्या अधिकाऱ्यावरून त्याने त्यास ‘एअर्स रॉक’ असे नाव दिले. ज्यास नाव आहे त्याचे पुन्हा बारसे करण्याची मनुष्यास एवढी घाई का, नकळे! असो. सन १९८५ मध्ये त्या भूमीची मालकी अनंगूंस परत मिळाली.

आता मुख्य गोष्ट. तेथे येणारे प्रवासी आठवण म्हणून खडा किंवा मूठभर वाळू खिशात घालून नेत. पुढे कित्येकांनी ती टपालाने परत पाठविली, आणि सोबत क्षमेचे पत्र जोडिले. अशी पुडकी देशोदेशींहून येत आली आहेत. कोणी लिहितो की, दगड घरी आणिल्यापासून संकटे मागे लागली, तर तो परत घ्यावा. दुसरा एवढेच लिहितो की, जे माझे नव्हते ते मी उचलिले.

वाचकहो, ह्या दोघांनी एकच कृत्य केले काय? शेजाऱ्याचा बांध वीतभर कोरून घेणारा मनुष्य आपला बैल मेल्यावर भिऊन बांध पूर्ववत करितो. शेजाऱ्यास त्याची जमीन मिळाली, हे खरे, आणि भयाने का होईना, परत करणे हे दडवून ठेवण्यापेक्षा बरे. परंतु बैल जगता तर? पहिल्या पत्रात अनंगूंचे नावही नसावे असा संभव आहे. त्यात केवळ दगड आणि आपले दैव ह्यांचा व्यवहार आहे. दुसऱ्याने मात्र दगडामागे उभा असलेला मनुष्य पाहिला. त्यास दगडाचे भय नाही, कदाचित तो दगडास पवित्रही मानीत नसेल. तरी ज्याची वस्तू त्याची संमती घेतली नाही, एवढेच त्यास बोचते. आम्हांस पश्चात्ताप ह्या शब्दाचा अर्थ ह्या दुसऱ्या पत्रातच दिसतो.

खडकावर चढणाऱ्यांसाठी सन १९६४ मध्ये साखळी ठोकिली होती. चढू नका, अशी अनंगूंची विनंती पायथ्याशी लिहिलेली असूनही पुष्कळ लोक ती वाचून वर जात; चढताना ३० हून अधिक जण मरणही पावले. शेवटी ता. २६ ऑक्टोबर २०१९ पासून चढण बंद झाली व साखळी काढून टाकिली. पावलांनी झिजलेली वाट मात्र त्या तांबड्या अंगावर फिकट पट्ट्यासारखी दुरून दिसते, आणि ती कोणास टपालाने परत करिता येत नाही.