धूर, अग्नी आणि सुजलेला घसा

न्यायशास्त्रात अनुमानाचे ठरलेले उदाहरण डोंगरावरच्या धुराचे आहे : धूर दिसतो म्हणून तेथे अग्नी असला पाहिजे, कारण धूर आणि अग्नी यांचे नियत साहचर्य, म्हणजेच व्याप्ती, पूर्वी चुलीपाशी पाहिलेली असते. उलट दिशेने मात्र हा नियम चालत नाही; तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. नियम सोडून भटकणाऱ्या अशा हेतूला नैयायिक सव्यभिचार म्हणतात.

पडजिभेच्या दोन्ही बाजूंच्या गाठी, म्हणजे टॉन्सिल, सुजून त्यांवर पांढरे ठिपके आले की ते जीवाणूंचेच चिन्ह मानून प्रतिजैविक सुरू होते, तेव्हा हाच हेत्वाभास, म्हणजे सदोष हेतूवरचे अनुमान, घडतो; कारण मुलांमधील बहुतेक घसेदुखी विषाणूंमुळे होते, आणि एपस्टाइन-बार विषाणूने आजारी पडलेल्या तरुणांच्या टॉन्सिलवरही असेच ठिपके दिसतात, ज्यांना अमॉक्सिसिलिन दिल्यास अंगभर पुरळ उठू शकते. रॉबर्ट सेंटॉर आणि सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रौढ रुग्णांसाठी चार खुणा सांगितल्या : ताप, टॉन्सिलवरील ठिपके, मानेपुढच्या दुखऱ्या गाठी आणि खोकल्याचा अभाव. चौथी खूण पाहून भाट्ट मीमांसकांना समाधान वाटले असते, कारण वस्तूचे न आढळणे, अर्थात अनुपलब्धी, हे ते स्वतंत्र प्रमाण मानतात. तरीही चारही खुणा जुळल्याने केवळ संभव वाढतो. निश्चय घशातील स्रावाच्या तपासणीनेच होतो. तोंड उघडेनासे होणे, लाळ गिळता न येणे किंवा श्वास अडणे ही लक्षणे दिसल्यावर मात्र वादाला जागा नाही; रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे लागते.

दुसरा हेत्वाभास उपचाराच्या मध्यावर घडतो. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत डोंगराच्या उतारापर्यंत चढत गेलेल्या दिघ्यासारख्या दाट वस्तीत, जिथे अनेक कुटुंबे एकाच खोलीत झोपतात, अ गटातील स्ट्रेप्टोकोकस हा जीवाणू एका मुलाकडून दुसऱ्याकडे सहज जातो, आणि त्याच्या संसर्गानंतर काही मुलांना संधिज्वर होऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. दुखणे सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू केल्यास हे बहुधा टळते, परंतु तोंडाने घ्यायचे औषध १० दिवस पुरे करावे लागते. मुलाचा ताप दोन-तीन दिवसांतच उतरतो, ते खेळू लागते आणि उरलेले औषध फळीवर राहते. धूर थांबला, म्हणून अग्नी विझला असे धरले जाते, आणि लोखंडी गोळ्याचा विसर पडतो.

अशा वेळी आईने स्वतःच्या डोळ्यांपेक्षा डॉक्टरांच्या शब्दावर विसंबावे, अशी अपेक्षा असते. शब्दाला प्रमाण मानणाऱ्या परंपरेने त्यासाठी अट घातली आहे, ती अशी की बोलणारा आप्त, म्हणजे जसे आहे तसेच सांगणारा, असावा. साध्या सर्दीलाही दर वेळी प्रतिजैविक लिहून देणाऱ्याचे आप्तत्व त्या दहा दिवसांची वेळ येण्यापूर्वीच झिजलेले असते.