हाजिर मजालस

जुन्या मराठी दप्तरांत महजर नावाचा जो कागद आढळतो, त्याचा आरंभ निवाड्याने होत नाही, वादाच्या हकिकतीनेही होत नाही. तो होतो माणसांच्या यादीने. शक, संवत्सर आणि तिथी लिहून झाली की ‘हाजिर मजालस’ असा मथळा येतो, आणि त्याखाली देशमुख, देशपांडे, कोठे काजी, मग गावोगावचे पाटील, कुलकर्णी, चौगुले, शेटे-महाजन आणि बलुतेदार अशी नावे गावांसह उतरत जातात. कित्येकदा ही यादी इतकी लांबते की एकाखाली एक चिकटवलेल्या कागदांची वीत-दोन वीत लांबी तिनेच व्यापलेली असते. पाटिलकीचा तंटा काय होता हे जाणण्याच्या उत्सुकतेने प्रथम मीही ती यादी ओलांडून पुढे जात असे. परंतु सामाईक सत्तेविषयी आपल्या पूर्वजांची जी कल्पना होती, ती त्या तंट्यात नसून त्या नावांत आहे, हे पुढे उमगले.

मजालस म्हणजे अरबीतील मजलिस, आणि तिचा मूळ अर्थ बसण्याची जागा एवढाच. महजराचे कूळ याहूनही बोलके आहे, कारण ज्या धातूपासून तो शब्द निघाला त्याच धातूपासून आपले हजर, हाजिर आणि हजेरी हे शब्द निघाले, आणि हुजूरही त्यातलाच. राजाच्या सान्निध्याला हुजूर म्हणावे, चाकराने हजर व्हावे, आणि सगळ्यांच्या समक्ष झालेल्या निर्णयाला महजर म्हणावे, अशी ही एकाच बीजाची तीन झाडे. राज्याभिषेकाच्या सुमारास शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राज्यव्यवहारकोश सिद्ध झाला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द योजले गेले. तरी चावडीवरचा महजर महजरच राहिला, इतका तो लोकांच्या तोंडी रुळलेला होता.

आज आपण जो शब्द अभिमानाने उच्चारतो, त्या लोकशाहीत लोक हे पद संस्कृतातून आलेले आणि शाही हे फारसीतून, निजामशाही-आदिलशाहीच्या मागे लागलेले. या जोडशब्दात सिंहासन तसेच राहते, त्यावर बसणारा तेवढा पालटतो. त्या शब्दाचे मोल मला कमी लेखावयाचे नाही. परंतु सत्ता कोणाची, एवढाच प्रश्न तो विचारतो. मजालस हा शब्द त्याच्या आधीचा प्रश्न विचारतो : एकत्र बसले कोण?

या बसण्याला मराठीत गोत असे घरगुती नावही होते. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, या म्हणीत उरलेला तो शब्द मूळचा गोत्र. पण गोतसभेतले गोत केवळ रक्ताचे नव्हे, गावच्या हक्कात आणि कामात ज्याचा वाटा तो गोतातला. निवाड्यापूर्वी वादी-प्रतिवादी गोताला राजीनामा लिहून देत. आज हा शब्द पद सोडण्याच्या अर्थी उरला आहे. तेव्हा तो राजी असल्याचा लेख होता, तुम्ही ठरवाल ते आम्हांस मान्य, असा. त्याला जामीन लागे, आणि हरलेला पक्ष आपण खोटे झाल्याचे येजितखत लिहून देई. ज्या निवाड्यामागे शिपाईप्यादे थोडे, त्याला बळ कशाचे असणार? सर्वांच्या देखत दिलेल्या शब्दाचे. महजराच्या शेवटी निशाण्या असतात : पाटलाचा नांगर, सुताराचे किंकरे, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. अक्षर न येणाऱ्या माणसाने आपले हत्यार शाईत उमटवून, मी येथे होतो, असे सांगितलेले आहे. बोरूने काढलेला असा नांगर मी प्रत्यक्ष पाहिला आहे. त्याची रेघ एका बाजूला जाड आहे, कारण हात लिहिण्याला सरावलेला नव्हता.

पेशवाईनंतर इंग्रजी अंमल आला. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ च्या आपल्या अहवालात अशा पंचायतीची दिरंगाई आणि इतर दोष नोंदवूनही ती टिकवावी असाच अभिप्राय दिला. परंतु पुढे अदालती आल्या, १८२७ चे कायदे आले, आणि गोताचे बसणे मोडले.

त्या मोडण्याचे सरसकट दुःख करणे मात्र मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. गावाची शीव दाखवताना महाराची साक्ष प्रमाण मानली जाई, महजरावर त्याची निशाणी घेतली जाई. पण बसताना त्याने अंतर राखूनच बसावयाचे असे, आणि स्त्रियांची नावे त्या लांबलचक याद्यांत शोधावीच लागतात. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या गौरवगाथेवर कठोर प्रहार केला आणि घटनेचा घटक गाव नसून व्यक्ती आहे याचे स्वागत केले, ते या अंतराचा अनुभव घेतलेल्या माणसाचे बोलणे होते. ज्यांना मजालशीत कडेला बसवले, त्यांनी पुढे आपले जलसे उभे केले, आधी सत्यशोधकांचे, मग आंबेडकरी. जलसा हा शब्दही बसण्याच्या त्याच अरबी धातूचा. रात्र रात्र एका बैठकीवर मांडी घालून त्या माणसांनी स्वतःची सभा भरवली, आणि तीत कडेची जागा कोणासाठीच ठेवली नाही.

काही वर्षांपूर्वी एका लहान गावी ग्रामसभेच्या दिवशी मी होतो. विषय पाण्याच्या टाकीचा. गणपूर्ती होईना, म्हणून हजेरीचे पुस्तक घरोघर फिरू लागले आणि सह्या भराभर पडू लागल्या. एका घराच्या ओट्यावर एक म्हातारी तांदूळ निवडीत होती. पुस्तक घेऊन आलेल्या पोराने शाईचे पॅड पुढे केले. तिने सूप खाली ठेवले, हात पदराला पुसले आणि म्हणाली, “आंगठा हितं न्हाई देत बाबा. म्या तिथं येते, बसते, काय बोलत्यात ते आयकते, मंग घे.” आणि ती खरोखरच आली. शाळेच्या पडवीत खांबाला टेकून ती शेवटपर्यंत बसली, नळ खालच्या आळीपर्यंत का येत नाही हे तिने दोनदा विचारले, आणि सभा उठल्यावर त्या पोराला हाक मारून पुस्तक मागून घेतले.