भिंतींवरचा कर आणि आतली मशीनं

मोहन्यात आमच्या घराची पुढची खोली दहा बाय बाराची आहे. तिथे आई शाळांचे गणवेश शिवते. दोन शिलाई मशीनं, एक ओव्हरलॉक, कटिंगचं टेबल, इस्त्री आणि भिंतीला टेकवलेले कापडाचे तागे. मालमत्ता कराच्या बिलावर मात्र वापराच्या रकान्यात एकच शब्द आहे: निवासी.

हा शब्द खटकायला लागला तो माझ्या मावसभावामुळे. तो फ्लोरिडात छोटं उपाहारगृह चालवतो. तिथे धंद्यातल्या वस्तूंवरही स्थानिक कर असतो. दरवर्षी १ एप्रिलपर्यंत त्याला टेबल, खुर्च्या, फ्रीज, शेगडी यांची यादी किमतीसकट भरून द्यावी लागते. मी विचारलं, "चार खुर्च्या कमी लिहिल्यास तर कोण मोजायला येणार आहे?" तो म्हणाला, "कदाचित कुणीच नाही. पण यादीखाली सही माझी असते ना."

आपल्याकडे अशी यादी नाही, आणि त्यामागे एक निकाल आहे. १९४९ च्या मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमाखाली अहमदाबादेत कापड गिरण्यांच्या काही यंत्रांचं मूल्यही कराच्या हिशेबात धरलं जात होतं. न्यू माणेकचौक मिलच्या प्रकरणात १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यघटनेने इथे अधिकार दिलाय तो जमीन आणि इमारतींवरच्या कराचा, आत ठेवलेल्या यंत्रांवरच्या कराचा नाही. तोच अधिनियम आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम या नावाने कल्याण-डोंबिवलीलाही लागू आहे. जागेला वर्षाला वाजवी भाडं किती येईल ते धरायचं, दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करायचे, उरलेल्यावर कर.

म्हणजे आईची मशीनं सुटली. पण खोली सुटत नाही. धंद्याच्या जागेचं भाडं जास्त धरलं जातं, म्हणून वापर कोणता हे महत्त्वाचं ठरतं. आम्ही तो कधी सांगितलाच नाही. कुणी विचारलंही नाही. न विचारलेल्या प्रश्नावर गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं का?

जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणायचा, तू वागतोस तसं सगळेच वागले तर चालेल का, ते आधी बघ. मी आमच्या गल्लीकडे बघितलं. सगळे तसेच वागतात! एनआरसी कंपनी २००९ साली बंद पडली, त्यानंतर इथे कुणी पुढच्या खोलीत पिठाची गिरणी टाकली, कुणी पार्लर, कुणी शिकवणी. जग काही कोसळलं नाही.

मग लक्षात आलं की मी कोसळण्याची वाट बघत होतो, भार कुणावर सरकतो ते बघत नव्हतो. नाक्यावर एक शिंपीकाका आहेत. त्यांचं शटर रस्त्यावरून दिसतं, त्यामुळे त्यांची जागा व्यापारीच. तेच गणवेश, तोच दोरा. ते दुकानाचा खर्च धरून भाव सांगतात, आई त्यांच्यापेक्षा कमी सांगते, आणि गिऱ्हाईक आमच्याकडे येतं. आमची गप्प बसण्याची सवलत त्यांच्या गल्ल्यातून येत होती.

दुसरी बाजूही खरी आहे. गरजेपोटी घरात चालवलेलं मशीन आणि शोरूम यांना एकाच रकान्यात बसवणं मला न्याय्य वाटत नाही. पण तसं वाटत असेल तर सवलत मागावी, भांडावं. लपून घेतलेली सवलत फक्त मला मिळते. मागून मिळवलेली गल्लीतल्या प्रत्येकीला मिळेल.

आईला हे सांगितलं. ती चिडली. "मीच एकटीने का म्हणून? गल्ली हसेल." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. प्रामाणिक माणसाला पदरचे पैसे मोजावे लागतात आणि वर वेडा म्हणवून घ्यावं लागतं, हे खोटं नाही.

घर तिच्या नावावर आहे, सही तिचीच लागणार. दोन दिवस अर्ज कटिंगच्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या दिवशी तिने गळ्यातली टेप काढली आणि खोली मोजायला घेतली. कोपऱ्यातल्या जुन्या पायमशीनपाशी ती थांबली.

"हे आतल्या खोलीत ने," ती म्हणाली. "यावर मी फक्त तुझे कपडे शिवलेत. हे धंद्यात नाही धरायचं."

कर यंत्रावर नसतोच, हे मी तिला सांगितलं नाही. मशीन उचलून आत नेलं.